पाच तासांचं पर्यावरण

गेल्या वीस वर्षांत महाराष्ट्रातल्या कुठल्याही विद्यापीठातून पदवी घेतलेल्या माणसानं 'पर्यावरण अभ्यास' नावाचा एक पेपर दिलेला असतो. कला शाखा असो, वाणिज्य असो वा विज्ञान, त्यातून सुटका नाही. हा पेपर आपण का दिला, हे मात्र फार थोड्यांना सांगता येईल. त्यामागे थेट सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर २२ नोव्हेंबर १९९१ रोजी न्यायालयानं पर्यावरण हा शिक्षणातला सक्तीचा विषय करायला सांगितलं. आदेश कागदावरच राहिला, म्हणून डिसेंबर २००३ मध्ये पुन्हा बजावावं लागलं. मग विद्यापीठ अनुदान आयोगानं सर्व शाखांच्या पदवी विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा एकच अभ्यासक्रम आखला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराच भरुचा यांनी लिहिलं. पेशानं शल्यविशारद असलेला, आयुष्यभर जंगलं पायाखाली घातलेला हा माणूस. अभ्यासक्रमात आठ घटक आणि पन्नास तास होते. आठवा घटक क्षेत्रकार्याचा: नदी, माळ, डोंगर किंवा प्रदूषित जागा प्रत्यक्ष पाहून तिची नोंद करायची. त्यासाठी पन्नासांपैकी पाच तास आणि शंभरांपैकी पंचवीस गुण.

पाच तास का होईना, ठेवले होते, हे आधी मान्य करू. मुळात आराखडा वाईट नव्हता. पण त्यातल्या सहाव्या घटकाकडे पाहिलं की दुखणं कळतं. 'सामाजिक प्रश्न आणि पर्यावरण' या मथळ्याखालच्या त्या घटकाला सात तास. त्या सात तासांत शहरांची ऊर्जा, विस्थापितांचं पुनर्वसन, पर्यावरणाची नीती, हवामानबदल, आम्लवर्षा, ओझोन, अणुदुर्घटना, पडीक जमिनी, चंगळवाद आणि पाच कायदे. याच यादीत एका ओळीत जलसंधारण, पाऊसपाणी संकलन आणि पाणलोट व्यवस्थापन हेही होते. शिक्षक कितीही मनापासून शिकवणारा असला, तरी पाणलोटाच्या वाट्याला अर्धा तास यायचा. हाच अर्धा तास चेरापुंजीच्या विद्यार्थ्याला, मुंबईच्या विद्यार्थ्याला आणि म्हसवडच्या विद्यार्थ्यालाही. माझं म्हणणं या लेखात एवढंच आहे की शाश्वतता हा विषय पदवीच्या वर्गात माहिती म्हणून शिकवता येत नाही. तो हिशेब म्हणूनच शिकवता येतो, आणि हिशेब नेहमी कुठल्या तरी ठरावीक गावाचा, ठरावीक वर्षाचा असावा लागतो. म्हसवडची निवड एवढ्यासाठी की तिथे हा हिशेब चुकला तर काय होतं, हे झाकून राहत नाही.

म्हसवड सातारा जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, माण तालुक्यात आहे. त्याच जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला महाबळेश्वर. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस, इथे पाचशेच्या आसपास, आणि तोही लहरी. कुळकजाईच्या डोंगरात उगवणारी माणगंगा दहिवडी, गोंदवले, म्हसवड करत सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीत शिरते, तिथून सोलापूरच्या सांगोल्यात आणि पुढे भीमेला मिळते. म्हसवडच्या खाली, दोन जिल्ह्यांच्या शिवेवर राजेवाडीचा तलाव आहे. १८७६-७७च्या दुष्काळात लोकांना काम द्यायचं म्हणून इंग्रजांनी तो हाती घेतला. माणमधून वाहत आलेलं पाणी त्यात साठतं आणि भिजते ती मुख्यतः आटपाडी-सांगोल्याकडची शेती. पाणी कुणाच्या शिवारात पडतं, कुठे थांबतं आणि कुणाला मिळतं, या तीन प्रश्नांची तीन वेगळी उत्तरं असू शकतात, हे शिकवायला जगात यापेक्षा चांगली प्रयोगशाळा शोधूनही सापडायची नाही. आजच्या हिशेबानं ही एक नदी दोन विद्यापीठांच्या हद्दीतून वाहते: सातारा-सांगली कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे, सांगोला सोलापूर विद्यापीठाकडे. दोन्हीकडचे विद्यार्थी परिसंस्थेची व्याख्या सारखीच लिहितात.

या पट्ट्यात ज्ञान नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. ते विद्यापीठाबाहेर आहे, एवढंच. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी साठच्या दशकात आपल्याच भागात करून पाहिलेल्या प्रयोगातून रोजगार हमीची कल्पना राज्यभर गेली. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यातल्या बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर येरळेवर बळीराजा धरण बांधलं. पैसा नदीतल्या वाळूच्या विक्रीतून उभा केला, आखणीला के. आर. दाते यांच्यासारखा नामांकित अभियंता मिळवला, आणि पाण्यातला वाटा जमिनीच्या एकरांवर न ठरवता कुटुंबावर ठरवला. ज्याला जमीन नाही, त्यालाही वाटा. आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख आणि भारत पाटणकर यांनी नव्वदच्या दशकापासून पाणी परिषदा भरवल्या. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी समन्यायी तत्त्वानं मिळावं, या मागणीतून तिथे वाटपाचाच नवा विचार पुढे आला. या चळवळींनी जे मांडलं, ते अर्थशास्त्र, जलशास्त्र आणि राज्यशास्त्र एकाच वेळी होतं. कॉलेजात मात्र हे तीन विषय तीन इमारतींत बसतात.

खुद्द म्हसवडचं उदाहरण आणखी बोलकं आहे. चेतना सिन्हा यांनी नव्वदच्या दशकात इथल्या बायकांसाठी सहकारी बँक काढायचं ठरवलं. रिझर्व्ह बँकेनं पहिला प्रस्ताव नाकारला. कारण साधं होतं: अर्जावर सह्यांऐवजी अंगठे होते. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या. पुढच्या खेपेला त्या अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा. तुम्ही यंत्रावर करा, आम्ही तोंडी करतो. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. पुढे व्यवसाय शिकवणारी शाळा आली, २००८ साली रेडिओ केंद्र आलं. २०१२-१३च्या दुष्काळात त्यांच्याच माणदेशी फाउंडेशननं म्हसवडला जनावरांची छावणी चालवली. चारा कुठून आणायचा, पाणी किती लागेल, एका कुटुंबानं किती जनावरं आणायची, हे सगळं रोज मांडावं लागणारं गणित होतं. ज्यांच्या हातात पदवी नव्हती त्यांनी ते मांडलं. त्याच तालुक्यातल्या पदवीच्या वर्गात तेव्हा 'दुष्काळाची कारणे' हा पाच गुणांचा प्रश्न येत होता.

या कौतुकात एक अवघड गोष्ट दडलेली आहे, ती टाळता येत नाही. २०१८ साली माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं पानी फाउंडेशनच्या जलसंधारणाच्या वॉटर कप स्पर्धेत राज्यात पहिला क्रमांक मिळवला, बक्षीस पंचाहत्तर लाखांचं. याच तालुक्यातलं भांडवली हे गाव दुसऱ्या क्रमांकावर. उन्हाळाभर हजारो हातांनी चर खणले, बांध घातले. त्याच वर्षी पाऊस दगा देऊन गेला, ऑक्टोबरअखेर राज्यानं जाहीर केलेल्या १५१ दुष्काळी तालुक्यांत माणचं नाव होतं, आणि २०१९च्या सुरुवातीला म्हसवडला पुन्हा छावणी उघडावी लागली. म्हणून श्रमदान वाया गेलं, असा निष्कर्ष काढणं उथळपणाचं होईल. चरांनी पाऊस पडत नाही, पडलेला थांबतो. पण थांबलेल्या पाण्याचं पुढे काय होतं, हा प्रश्न फावड्यानं सुटत नाही. जलसंधारणाच्या जलयुक्त शिवार योजनेवर राज्यानं नऊ हजार सहाशे कोटींहून अधिक खर्च केला, आणि भूजल वाढवण्यात त्याचा फारसा उपयोग झाला नाही, असा ठपका महालेखापरीक्षकांनी २०२०च्या अहवालात ठेवला. पाणी अडवणं सोपं आहे, कारण त्यात कुणाचं काही जात नाही. वापर मोजला की शेजाऱ्याच्या बोअरचा विषय निघतो.

हिशेब म्हणजे नेमकं काय, ते एकदा करूनच पाहू. वाणिज्य शाखेच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला जमेल इतपत गणित आहे. समजा, गावाचं शिवार एक हजार हेक्टर आणि पाऊस ४५० मिलिमीटर. एका हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा घनमीटर पाणी. म्हणजे वर्षभरात या शिवारावर ४५ लाख घनमीटर पाणी पडलं. गावात दोन हजार माणसं आहेत आणि जलजीवन मिशनच्या निकषानं प्रत्येकाला दिवसाला ५५ लिटर पाणी द्यायचं, तर वर्षाला लागतं चाळीस हजार घनमीटर. पडलेल्या पावसाच्या एक टक्क्यालाही कमी. मग त्या गावात टँकर का येतो? इथून खरा अभ्यास सुरू होतो. काही पाणी वाफ होऊन गेलं, काही वाहून गेलं, काही मातीनं धरलं आणि पिकांनी प्यालं, थोडं बेसॉल्टच्या भेगांतून खाली उतरलं. त्या थोड्यातलं कुणी किती उपसलं? एक हेक्टर ऊस वर्षाला साधारण वीस हजार घनमीटर पाणी घेतो. पाटानं मोकळं सोडलं तर त्याहून जास्त. म्हणजे दोन हेक्टर ऊस आणि दोन हजार माणसांचं वर्षभराचं पिण्याचं पाणी यांचं वजन सारखंच. हा आकडा पुस्तकात वाचला तर तो आकडाच राहतो. आपल्या गावच्या पीकपेऱ्यातून स्वतः काढला, तर त्याच्याकडे पाहून गप्प बसता येत नाही. आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यातही माणगंगा नावाचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा हे गणित कुणी मांडलं होतं का, असा प्रश्न मग विद्यार्थ्याला आपोआप पडतो. शेततळ्याचंही तेच. प्लास्टिक अंथरलेलं तळं पावसानं भरलं तर ती साठवण. विहिरीतून उपसून भरलं, तर सगळ्यांच्या जमिनीखालचं पाणी एकाच्या कुंपणात आणून उन्हात ठेवणं.

असा हिशेब गावानं ठेवला तर काय होतं, हे नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं दाखवून दिलं आहे. चारशे मिलिमीटरच्या आसपास पावसाचं गाव. दर वर्षी पावसाळा सरला की पाण्याचा ताळेबंद मांडला जातो आणि त्यावरून रब्बीत काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. ऊस नाही, केळी नाही. हे घडवून आणणारे पोपटराव पवार वाणिज्य शाखेचे पदव्युत्तर पदवीधर आहेत, ही गोष्ट मला नेहमी अर्थपूर्ण वाटत आली आहे. पर्यावरणशास्त्राची पदवी त्यांच्याकडे नव्हती; जमाखर्च मांडायची सवय होती.

तेव्हा मागणी अशी: पदवीच्या प्रत्येक विद्यार्थ्यानं, शाखा कोणतीही असो, एका गावाचा एका वर्षाचा पाण्याचा ताळेबंद गटानं तयार करावा, आणि तो परीक्षकासमोर मांडण्याआधी त्या गावच्या ग्रामसभेसमोर मांडावा. परीक्षकाला चुकीचा आकडा खपतो. ग्रामसभेत एखादी म्हातारी उठून म्हणेल, त्या विहिरीला पाणी मार्चमध्येच संपतं, तुम्ही मे कुठून आणला? एवढी कडक तपासणी कुठल्याही विद्यापीठात होत नाही.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. अभ्यासक्रम आधीच ओसंडून वाहतोय, त्यात हे कुठे बसवायचं? पाच तासांच्या काळात हा आक्षेप रास्त होता. आता राहिलेला नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यानं २०२३ साली ठरवलेल्या पदवीच्या रचनेत क्षेत्रीय प्रकल्प आणि समाजसहभाग प्रकल्प हे स्वतंत्र घटक आहेत, प्रत्येकी दोन श्रेयांकांचे. संलग्न महाविद्यालयांत ही रचना २०२४-२५ पासून आली. प्रात्यक्षिक स्वरूपाच्या कामाला एका श्रेयांकामागे तीस तास धरले जातात. म्हणजे एकट्या क्षेत्रीय प्रकल्पात पाचाचे साठ तास झाले. धोरणावर टीका करायला जागा पुष्कळ आहेत, पण ही खिडकी त्यानंच उघडली आहे आणि ती रिकामी पडली तर दोष धोरणाचा नसेल. भीती निराळीच आहे. पर्यावरणाच्या प्रकल्पवह्यांची जी गत झाली, तीच या साठ तासांची होईल. कुठल्याही कॉलेजच्या बाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे तयार प्रकल्प मिळतो, मुखपृष्ठावरचं नाव तेवढं बदलायचं असतं; हे प्राचार्यांपासून शिपायापर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. गावाचं नाव, वर्ष आणि विहिरींची यादी सक्तीची केली, तर झेरॉक्सचा धंदा निम्म्यावर येईल.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा, आणि तो सगळ्यांत खरा आहे. पर्यावरणाचा पेपर कुणीच आपणहून गळ्यात घालून घेत नाही, तो शेवटी तासिका तत्त्वावरच्या नव्या प्राध्यापकाच्या गळ्यात पडतो. त्याला तासाप्रमाणे पैसे मिळतात. शिवारात घालवलेल्या दिवसाचे मिळत नाहीत. अशा माणसाकडून पाणलोट चालून येण्याची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे, आणि रिक्त जागा भरल्याशिवाय हे काम राज्यभर होणार नाही, हे सरळ मान्य केलं पाहिजे. पण सगळा भार एकट्या शिक्षकावर टाकायचं कारण नाही. भूजल सर्वेक्षण यंत्रणा आपल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. कृषी खात्याकडे पेरणीचे आकडे असतात, महसूल खात्याकडे सात-बारा. आयआयटी मुंबईचं 'सितारा' हे ग्रामीण तंत्रज्ञानाचं केंद्र १९८५ पासून चालू आहे. तिथले विद्यार्थी आठवडेच्या आठवडे खेड्यात राहून अशा प्रश्नांवर काम करतात. तिथेच शिकवलेले प्रा. मिलिंद सोहोनी यांनी वर्षानुवर्षं हाच मुद्दा लावून धरला आहे की, विकासाच्या कामांचा अभ्यास स्थानिक महाविद्यालयांनी करावा आणि त्याचा मोबदला प्रशासनानं द्यावा. २०१६ साली उन्नत महाराष्ट्र अभियान याच विचारातून निघालं. ते मुख्यतः अभियांत्रिकी महाविद्यालयांपुरतं राहिलं. माण, आटपाडी, सांगोल्यातली बहुसंख्य मुलं कला आणि वाणिज्य शाखेत शिकतात. टाकीची क्षमता काढायला अभियंता लागेल. पाणीपट्टी का थकली आणि आवर्तन कुणाच्या शेतावर थांबलं, हे विचारायला लागत नाही.

तिसरा आक्षेप जरा वरच्या पट्टीतला असतो. विद्यापीठानं सिद्धान्त शिकवावा. गावोगाव हिंडून माहिती गोळा करणं हे तलाठ्याचं काम, आणि फावडं मारणं हे राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिराचं. साताऱ्याच्या मातीत हा आक्षेप विशेष खटकतो. 'कमवा आणि शिका'चं तत्त्व कर्मवीर भाऊराव पाटलांनी इथेच रुजवलं, आणि त्यात हातांचं काम ही बुद्धीची सुट्टी नव्हती. आणि बेसॉल्टमधलं भूजल कसं वागतं, दोन विहिरी शंभर पावलांवर असून एक कोरडी आणि एक भरलेली का, हे सिद्धान्ताशिवाय कळतच नाही. उलट सिद्धान्ताची भूक लागते ती अशा कोरड्या विहिरीशी उभं राहिल्यावर. मराठीच्या विद्यार्थ्यालाही यातून सूट नको. व्यंकटेश माडगूळकर याच मुलखातल्या माडगुळ्याचे, आणि १९५५ साली आलेल्या त्यांच्या 'बनगरवाडी'त दुष्काळात वस्ती उठून जाते. ती का उठते, याचं उत्तर साहित्याच्या तासाला देताना शिवारातलं पाणी आणि मेंढरांची चराई यांच्याबद्दल बोलावंच लागतं. शिक्षक बोलत नाही, तेव्हा तो कादंबरीही अर्धीच शिकवत असतो.

चौथा आक्षेप कुणी उघडपणे बोलत नाही. ताळेबंद मांडला की नावं येतात. कुणाची किती बोअर, कुणाचा किती ऊस, उपसा योजनेचं पाणी कुठल्या फाट्यावर वळलं. ग्रामीण भागातल्या शिक्षणसंस्थांवर, कारखान्यांवर आणि पंचायतींवर अनेकदा तीच माणसं असतात. मग प्राचार्य कशाला ओढवून घेतील? यावर माझं उत्तर असं की, आकडे व्यक्तीचे न मांडता वस्तीचे आणि पिकांचे मांडता येतात. पीकपेरा ही सरकारी नोंद आहे, गुपित नाही. आणि भूजलाच्या वापराचं नियमन करणारा २००९चा राज्याचा कायदा पुस्तकात आहेच. तरीही थोडी धग लागेल. ती लागू नये म्हणूनच आजचा पर्यावरणाचा पेपर ओझोनवर इतका रमतो. ओझोनचा थर कुठल्याही संस्थेच्या संचालक मंडळावर नसतो.

याच सोयीमुळे शाश्वततेचं दुसरं सोंगही वाढलं आहे, ते म्हणजे हिरवा कॅम्पस. महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या सातव्या निकषात पर्यावरणभानाला गुण असल्यानं हरित लेखापरीक्षणाचे अहवाल तयार होतात, सौर पॅनेलची छायाचित्रं जोडली जातात. जगभरातही विद्यापीठांची हरित क्रमवारी लागते. इंडोनेशिया विद्यापीठानं २०१० साली ती सुरू केली. यातलं काहीच वाईट नाही. शिवाजी विद्यापीठानं आपल्या माळरानावरच्या आवारात तळी राखून पाण्याची गरज भागवण्याचा जो प्रयत्न केला, तो तर खरोखर अनुकरणीय आहे. पण आवाराचं पाणी प्रशासन वाचवतं, विद्यार्थी नव्हे. जर्मनीतल्या ल्युनेबर्गच्या लॉयफाना विद्यापीठात पहिल्या सत्रात सगळ्या शाखांच्या मुलांना एकत्र बसवून शाश्वततेच्या प्रश्नांवर काम करायला लावतात. आपण तिथली इमारत पाहून येतो आणि ते पहिलं सत्र तिथेच ठेवून येतो.

एक अडचण अगदी व्यवहारातली आहे आणि ती विद्यापीठाच्या एका परिपत्रकानं सुटू शकते. पाण्याचं वर्ष आणि विद्यापीठाचं वर्ष जुळत नाही. विहिरीत किती पाणी आलं हे कळतं ऑक्टोबरमध्ये, रब्बीचा निर्णय होतो तेव्हाच, आणि नेमकी तेव्हा सत्रपरीक्षा आणि दिवाळीची सुट्टी असते. प्रकल्पाची घाई सुटते मार्चमध्ये. तोवर हरभरा निघालेला, डाळिंबाच्या बागेला टँकर लागलेला. तेव्हा काढलेला ताळेबंद म्हणजे निव्वळ शवविच्छेदन. माणगंगेच्या खोऱ्यातल्या महाविद्यालयांपुरता तरी क्षेत्रीय प्रकल्पाचा काळ सप्टेंबर ते नोव्हेंबर असा धरावा आणि मांडणी २६ जानेवारीच्या ग्रामसभेत व्हावी. दोन विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांना एकत्र बसून हे ठरवायला एक दुपार पुरे. ते लवकर ठरायला हवं, कारण मुंबई-बेंगळुरू औद्योगिक पट्ट्यातल्या वसाहतीसाठी म्हसवड परिसराचं नाव घेतलं जात आहे. उरमोडी आणि जिहे-कठापूर या योजनांचं पाणी तालुक्यात येऊ लागलं आहे. येणारं पाणी शेताला किती, कारखान्याला किती, गावाला किती, हे पुढच्या दहा वर्षांत ठरणार आहे. त्या बैठकीत आकडे घेऊन बसणारी माणसं इथल्याच कॉलेजांतून बाहेर पडतील की बाहेरून येतील, हे आजच्या प्रकल्पवहीवर अवलंबून आहे.

हा लेख वाचणाऱ्यांच्या घरात कुणी ना कुणी पदवीच्या वर्गात असेल, आणि ते सुट्टीला घरी आलेलंही असेल. त्याची क्षेत्रीय प्रकल्पाची वही मागून पाहा. पहिल्या पानावर गावाचं नाव आणि आत एकही स्वतः मोजलेला आकडा नसेल, तर सुट्टी संपल्यावर कॉलेजात जाऊन तेवढंच विचारा.